जंगू कुमरेच्या पदकाचा पंचनामा

सप्टेंबर छप्पनमध्ये वरच्या कचेरीतून एक कागद आला. मी तेव्हा गिरड सर्कलचा रेव्हिन्यू इन्स्पेक्टर होतो आणि वरून येणाऱ्या कागदांना घाबरण्याचं माझं वय उलटून गेलं होतं. वीस वर्षांच्या नोकरीत मी विहिरींचे घेर मोजले होते, टोळ मोजले होते, एकदा तर गिरडच्या टेकडीवर माकडं किती याचाही तक्ता भरून पाठवला होता. (अंदाजे दोनशे. माकडांनी सहकार्य केलं नाही.) पण हा कागद मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा पाणी प्यालो.

कागदात लिहिलं होतं : "मौजा गिरड येथील बाई नामे बायजा, बेवा जंगू कुमरे, इचेजवळ जर्मन देशाचे एक जुने लष्करी पदक असल्याचे समजते. सदर पदक पंचांसमक्ष तपासून खरे की खोटे याचा निर्णय करावा. खरे असल्यास पावती देऊन प्रेमाने ताब्यात घ्यावे व नागपूरच्या अजबबंगल्यात (संग्रहालयात) ठेवण्यासाठी सादर करावे. खोटे असल्यास बाईस परत द्यावे."

जर्मन पदक मी जन्मात पाहिलं नव्हतं. तालुक्यातही कोणी पाहिलं नसावं. प्रेमाने ताब्यात घेण्याचा अनुभव तर खात्यात कोणालाच नव्हता.

या सगळ्याच्या मुळाशी एक जर्मन साहेब होता. गिरडच्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. शेख फरीदबाबांनी कोण्या व्यापाऱ्याच्या सुपाऱ्या-जायफळांचे दगड करून टाकले असं लोक सांगतात. हा साहेब दगडांचा जाणकार, ते पाहायला तो मुद्दाम आला. शाळेचे हेडमास्तर प्रभाकरराव त्याच्याबरोबर दुभाषी म्हणून फिरत होते. दुपारी दोघं चिंचेखाली टेकले. बाजूला बायजाबाई बसली होती. तिनं तंबाखू काढायला कमरेची पिशवी उलटी केली आणि तंबाखूबरोबर चार पाकळ्यांचा एक काळा बिल्ला तिच्या मांडीवर पडला. साहेब विंचू चावल्यासारखा उठला. बिल्ला हातात घेऊन त्यानं उलटापालटा केला, बायजाबाईला दहा प्रश्न विचारले, मग दगड तिथंच टाकून जिल्ह्याला गेला आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून आला. दगडांनी त्याला काय केलं होतं कोण जाणे.

बायजाबाई ही गिरडची सुईण. गावाला लागून गोंडांची टोली आहे, तिथली. वय पंचावन्न-छप्पन, अंगानं वाळकी, आवाज मात्र असा की पलीकडच्या शिवारातल्या गायीनं मान वर करावी. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात, बाहेरचं काही जवळ येऊ नये म्हणून. कोणाकडे विळा, कोणाकडे चाकू, गरिबाघरी खिळा. बायजाबाई ज्या घरी बाळंतपण करी तिथं ती आपला बिल्ला ठेवायची आणि पाचवी झाली की उचलून न्यायची. गावात तिशीच्या आतलं एकही डोकं असं नव्हतं, जे त्या बिल्ल्याशेजारी पहिल्यांदा रडलं नाही. एकाच दिवशी दोन घरी कळा सुरू झाल्या तर बिल्ला कोणाकडे, यावरून बायकांची भांडणं होत आणि ती पोरं मोठी होईपर्यंत टिकत.

बिल्ला आणला होता तिच्या नवऱ्यानं, जंगूनं. सहा वर्षांपूर्वी तो वारला. सतराच्या साली तो गावातून गेला आणि दोन वर्षांनी परत आला. म्हणाला, पलटणीत होतो, खेचरं सांभाळत होतो, फ्रान्सात होतो. एक म्हातारा जर्मन डॉक्टर कैदी झाला होता, त्याचा पाय मोडला होता, त्याला पाठीवर घेऊन चिखलातून दोन कोस चाललो. त्यानं हा बिल्ला दिला आणि खुणेनं सांगितलं, माझ्या आज्याचा आहे. गावानं हे ऐकून घेतलं आणि एकमतानं ठरवलं की जंगू बल्लारपूरच्या कोळशाच्या खाणीत होता. पलटणीचा कागद होता, तो वाळवीनं खाल्ला. मग काय, जंगूचं नाव पडलं लबाड जंगू. शेवटी शेवटी त्यानं बोलणंच सोडलं होतं. विचारलं तरी मान हलवायचा.

मी टोलीत जाऊन कागद बायजाबाईला वाचून दाखवला. ती अंगणात सुपात तूर पाखडत होती.

"म्हंजे खरा निंगला त जाईन, अन् खोटा निंगला त राहीन?" तिनं विचारलं.

"हो."

"हा कोनता न्याव हाय, सायेब? लोकाईचं खोटं जप्त होते, माह्यं खरं जप्त व्हनार?"

"जप्त नाही, बायजाबाई. प्रेमानं ताब्यात."

"तेच त चोर म्हनते," ती म्हणाली आणि पुन्हा तूर पाखडू लागली. पण सुपातून तूरच खाली पडत होती, कचरा आत राहत होता. बिल्ला गेला तर आपलं काय राहील, हेच तिच्या डोक्यात चाललं असावं. मला तिची दया आली आणि दया आली की मला राग येतो, म्हणून मी तिला उगाच खेकसून म्हणालो की सोमवारी चावडीवर वेळेवर ये.

पंच निवडताना मी अक्कल लावली. धातूसाठी हिरालाल सोनार, घडणीसाठी श्रावण लोहार, इतिहासासाठी प्रभाकरराव हेडमास्तर आणि जंगूच्या बाजूनं कोणी असावं म्हणून त्याचा चुलतभाऊ पुनाजी. जर्मनीबद्दल चौघांचं ज्ञान सारखंच होतं, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्न नव्हता.

सोमवारी तपासणी सुरू झाली ती हिरालालपासून. पण हिरालाल बिल्ल्याला हात लावीना.

"सोयराचा जिन्नस हाय, सायेब. बाळंतिनीच्या बाजेवरचा. मी दुकानात बसतो, लक्षुमीचं काम हाय."

"मग तपासणार कसा?"

यावर अर्धा तास खल झाला. शेवटी असं ठरलं की हिरालालनं कसोटीचा दगड धरायचा आणि बायजाबाईनं आपल्या हातानं बिल्ला त्यावर घासायचा. हिरालाल दगड लांब धरून तोंड फिरवून बसला, आणि बायजाबाई भाकरी थापावी तशा जोरानं घासू लागली. "धीरे, धीरे! दगड फोडसान!" तो ओरडला. मग त्यानं रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला आणि डोळे बारीक केले.

"किनार चांदीची हाय. चोख. पन मंधात लोखंड हाय, सायेब. निव्वळ लोखंड."

"मग?"

"मंग काय? कोनता राजा लोखंडाचा बिल्ला देते? किनारीले चांदी होती, मंधात टाकाले नव्हती? राजा होता का कबाडी?"

मी लिहिलं : दोष पहिला, पदक लोखंडाचे आहे.

श्रावण लोहाराला सोयराचं काही वाटत नव्हतं. त्यानं बिल्ला कानाशी धरून नखानं वाजवला, कडा चाचपल्या, जिभेचं टोकही लावलं. "हा एकसंध नाई," तो म्हणाला. "मंधातलं लोखंड ओतीव हाय. वरतून चांदीच्या दोन चौकटी बसवून जोड देल्ला हाय. हा पाहा जोड." दोष दुसरा. मग त्यानं बिल्ला उलटा केला. एका बाजूला पानांची डहाळी होती, मुकुट होता, दोन अक्षरं आणि आकडा होता. दुसरी बाजू सपाट, काळी, कोरी.

"इकडून त काईच नाई!" श्रावण म्हणाला. "कारागीर अर्ध्यातच जेवाले गेलता, वापस आलाच नाई."

दोष तिसरा.

प्रभाकररावांनी चष्मा पुसला. त्यांना चार माणसं दिसली की फळा दिसतो. "अठराशे तेरा हा आकडा आहे. अठराशे तेरा म्हणजे आपल्याकडे बाजीरावाची पेशवाई. जंगू गेला एकोणीसशे सतरामध्ये. शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईचं पदक या लढाईत कसं मिळेल? म्हणे कैद्याच्या आज्याचं! कैदी माणूस आज्याचं पदक छातीवर लावून लढाईला येतो काय? बनवणाऱ्याला साधा इतिहास ठाऊक नव्हता, इतकंच." दोष चौथा.

राहिला पुनाजी. त्याला मी म्हटलं, तुला काही सांगायचं असेल तर सांग, तू घरचा आहेस. बिल्ल्याच्या कडीत पांढऱ्या, काळ्या काठाच्या फितीचा बोटभर तुकडा शिल्लक होता, बायजाबाईनं टाके घालून जपलेला. त्यावर पुनाजीनं बोट ठेवलं. "मी पोलिसाच्या छातीवर बिल्ला पाह्यला हाय. त्याची पट्टी लाल-निळी रायते. हे पांढरी हाय, काठ काया हाय. पांढरं फडकं आमी मुर्द्यावर टाकतो, सायेब. मर्दाच्या छातीवर कोन टाकन?"

दोष पाचवा. घरच्या माणसानंच दिल्यावर तो पक्काच धरायचा.

मी शेवटी निर्णय लिहिला : सदर पदक खोटे आहे, सबब बाईस परत. चावडीत सगळ्यांचे चेहरे उजळले. हिरालालनं स्वतःच्या खर्चानं चहा मागवला, हे गावात पूर्वी घडलेलं नव्हतं. कारण साधं होतं. त्याच्या सुनेला, सुलोचनेला, सहावा सरून सातवा लागला होता आणि ती बायजाबाईच्या बिल्ल्याशिवाय बाजेवर पडायला तयार नव्हती. पण तरीही मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी कोणीही मुद्दाम खोटं बोललं नाही. चौघांनी आपापल्या अकलेनं प्रामाणिकपणे तपासलं. तेच तर पुढे नडलं.

बायजाबाई हसत होती. बिल्ला तिनं पिशवीत टाकून पिशवीला दोन गाठी मारल्या. "मी त पह्यलेपासून म्हनत आली, लबाड होता म्हून. जत्रंतून घेतला असन कुठून त."

"तुझाही विश्वास नव्हता?" मी विचारलं.

"कायचा इस्वास, सायेब? म्हने का तिकडं चिखलात घोडे बुडतेत. म्हने का रातचे दहा वाजेलोक उजेड रायते. असं असते काय कुठं? मी हासो. सारेच हासत."

तेवढ्यात टोलीतून तिला बाळंतपणाचं बोलावणं आलं. ती उठून निघाली आणि पंचनाम्यावर तिचा अंगठा घ्यायचा राहून गेला. मालकाचा अंगठा नसलेला पंचनामा पुढे पाठवता येत नाही. उद्या घेऊ म्हणत मी तो दप्तरात ठेवला, आणि मग पिकांची आणेवारी आली, दिवाळी आली, आणि एक नोव्हेंबर आला. त्या दिवशी आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. माझा शिक्का एका राज्याचा, मी दुसऱ्या राज्याचा. पंधरा दिवस मी कुठल्याही कागदावर काहीही उठवू शकत नव्हतो. असे सुखाचे दिवस नोकरीत फार येत नाहीत.

नवा शिक्का आला त्याच टपालात जर्मन साहेबाचं पत्र आलं. बोटीवर चढण्यापूर्वी त्यानं मुंबईहून ते जिल्ह्याच्या साहेबांना लिहिलं होतं आणि तिथून ते 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' माझ्याकडे सरकलं होतं. इंग्रजी साधं होतं. त्याचं म्हणणं असं, की हे पदक फार जुन्या आणि दुर्मिळ जातीचं असावं, आणि खरं की खोटं हे पाच खुणांवरून ओळखता येईल.

मी एका हातात पत्र, दुसऱ्या हातात माझा पंचनामा धरून वाचू लागलो.

खूण पहिली : खरं पदक मुद्दाम लोखंडाचं असतं. देशावर संकट होतं, लोकांनी सोनं-चांदी देऊन टाकली होती, म्हणून राजानं लोखंडाचा मान केला. खूण दुसरी : ओतीव लोखंडावर चांदीची दोन भागांची चौकट, आणि जोड दिसतो. खूण तिसरी : अगदी सुरुवातीच्या पदकांची एक बाजू पूर्ण कोरी असते. खूण चौथी : आकडा अठराशे तेरा. खूण पाचवी, आणि सगळ्यांत दुर्मिळ : फीत साधारणपणे काळी, पांढऱ्या काठाची असते, पण जे लढले नाहीत आणि तरी कामाला आले, डॉक्टर वगैरे, त्यांना फीत पांढरी, काळ्या काठाची देत.

पाचच्या पाच दोष म्हणजे पाचच्या पाच खुणा होत्या. एकही सुटली नव्हती. इतका अचूक पंचनामा मी उभ्या नोकरीत केला नव्हता, आणि निर्णय तेवढा उलटा लिहिला होता.

पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या. "बाईंनी मला हसत हसत त्यांच्या पतीची हकिकत सांगितली. म्हातारा डॉक्टर, त्याचा आजा, आजाही डॉक्टर असावा. फीत पाहता मला त्या माणसाचा शब्द खरा वाटतो."

पंचांना मी पुन्हा चावडीवर बोलावलं. बायजाबाईलाही बोलावलं. ती भिंतीशी बसली. मी पत्र मराठी करून वाचलं, एकेक खूण, आणि प्रत्येक खुणेबरोबर एकेका पंचाची मान खाली जात गेली. पुनाजीची खूण आली तेव्हा त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

शेवटी हिरालालनं घसा साफ केला. "सायेब, हे पत्र मोठ्या सायबानं वाचलं असन काय?"

"वाचलं असतं तर माझ्याकडे कशाला आलं असतं?"

"मंग झालं त! जुना पंचनामा काय वाईट हाय? पाच मुद्दे हायेत. तुमचं अक्षर बी चांगलं हाय. फकत बायजाबाईचा अंगठा बाकी हाय."

"तत्त्वतः," प्रभाकरराव छताकडे पाहत म्हणाले, "अठराशे तेरा ही पेशवाईच होती. त्यात मी चूक बोललो नाही."

"लोखंड बी लोखंडच हाय," श्रावण म्हणाला.

"जंगू आता कुठं ऐकाले हाय?" पुनाजी हळूच म्हणाला. त्याची नात तीन महिन्यांची होती आणि तिच्या उशाशीही बिल्ला राहून गेला होता.

मलाही तेच हवं होतं, हे मी लपवत नाही. काचेच्या पेटीत पडून तो बिल्ला काय करणार होता? इथं त्याला महिन्याला दोन-तीन घरचं काम होतं. सरकारला मी शंभर वेळा खरं कळवलं आहे, एकदा खोटं कळवलं तर सरकार काही उपाशी मरत नाही. आदल्या खेपेला पंचांच्या सह्या मी घेतल्याच होत्या. नव्या राज्याचा शिक्का मारायचा म्हणून पुन्हा घेतल्या. चौघांनीही, जंगू खरं बोलत होता हे नीट कळल्यावर, तो खोटं बोलत होता याखाली दुसऱ्यांदा सही-अंगठा केला. मग मी शाईची डबी बायजाबाईपुढे ठेवली.

तिनं डबी जवळ ओढली. "सायेब, ते डाक्टरचं अखीन एकदा वाचा."

मी वाचलं.

"अखीन."

तिसऱ्यांदा वाचलं. तिनं अंगठा शाईत बुडवला होता, तो तसाच हवेत राहिला.

"मी ज्याच्याखाली अंगठा करून राह्यली, तिथं काय लिवलं हाय?"

"नेहमीचंच असतं ते, बायजाबाई."

"वाचा."

मी वाचलं : "माझा मयत नवरा जंगू याने पदकाबाबत सांगितलेली हकिकत खोटी असून हे पदक खोटे आहे, हे मला मान्य आहे."

बायजाबाईनं अंगठा लुगड्याला पुसला. चांगला रगडून पुसला, एकदा, दोनदा.

"नाई करत."

हिरालाल उठूनच उभा राहिला. "अवो, हे फकत कागदावर हाय!"

"कागदावर हाय म्हूनच नाई करत, शेटजी. तोंडानं मी तीस वर्स त्याले लबाड म्हनलं. ते हवेत गेलं. हे राहीन."

"बिल्ला जाईन ना!"

"जाऊ द्या."

"अन् आमची सुलोचना? नववा लागला तिले!"

"तिच्या उशाखाली विळा ठेवजा. तुमी जल्मले तवा कोनता जर्मन आलता?" हे तिनं नेहमीच्या आवाजात म्हटलं आणि पिशवीच्या गाठी सोडायला घेतल्या. पहिली गाठ सुटली, दुसरी सुटेना. पुनाजी मदतीला पुढे झाला तर तिनं त्याला गोंडीत काहीतरी सुनावलं आणि तो जागेवर बसला. शेवटी दातानं सोडवून तिनं बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला आणि हात पटकन मागे घेतला.

मला वाईट वाटलं. मोठ्यानं ओरडून तिला वेड्यात काढावं असंही वाटलं. दोन्ही गिळून मी नवा कागद घेतला. काम फारसं नव्हतं. पाचही वाक्यं तीच राहिली, जिथं 'दोष' होतं तिथं 'खूण' लिहिलं आणि शेवटी 'खोटे'च्या जागी 'खरे'. एका माणसाचं आयुष्य दुरुस्त करायला सरकारी भाषेत सहा शब्द पुरले. चौघा पंचांनी तिसऱ्यांदा सह्या-अंगठे केले. प्रभाकररावांनी चष्म्याच्या आडून डोळे पुसले आणि शाईचा वास झोंबतो म्हणाले.

बायजाबाईचा अंगठा घ्यायला मी कागद फिरवला, तर ती म्हणाली, "थांबा. अखीन एक लिवाचं हाय."

"काय?"

ती पंचांकडे पाहीना. लुगड्याच्या पदराशी चाळा करत राहिली. छप्पन वर्षांची ती सुईण, जिनं अख्खं गाव उघडं पाहिलं होतं, ती लाजत होती हे समजायला मला वेळ लागला.

"वापस आला तवा मले म्हने का, तिकडं होतो त मले रोज तुही याद ये. खेचराईले दाना टाकताना मी तुह्यं नाव घेत जाओ. एक दिवस चुकला नाई म्हने. मी म्हनलं, चाल लबाडा. मी लय हासली. मंग त्यानं ते कधीच म्हनलं नाई." ती थांबली. "बिल्ला खरा हाय त तेबी खरंच असन ना, सायेब?"

मी लेखणी पुन्हा उचलली.

"असेल," मी म्हणालो. "असेल काय, आहेच."

"मंग लिवा."

मी लिहिलं : मुद्दा सहावा. फ्रान्स देशी असता सदर जंगू कुमरे यास आपली पत्नी बायजा हिची रोज आठवण येत असे. एकही दिवस खाडा नाही.

मी ते वाचून दाखवलं. तिनं अंगठा शाईत बुडवला आणि सहाव्या मुद्द्याच्या अगदी जवळ, दोन्ही हातांनी दाबून, उठवला.

पंचनामा आणि पदक वर गेलं. महिन्याभरानं कागद परत आला. समासात लाल शाईनं साहेबांनी विचारलं होतं : "मुद्दा ६ यास पुरावा काय?"

मी खाली लिहिलं : "पदक सोबत जोडले आहे."